पहिला घाव यकृतावर

आईच्या रक्तातला संसर्ग न जन्मलेल्या बाळाच्या यकृतापर्यंत कसा पोहोचतो आणि तो कुठे अडवता येतो?

प्रतिनिधी

तानसा नदीच्या काठी, मुंबईपासून सुमारे ७५ किलोमीटरवर वसलेले वज्रेश्वरी हे भिवंडी तालुक्यातील गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक म्हणजे १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर चिमाजी अप्पांचा नवस फेडण्यासाठी उभारलेले वज्रेश्वरी देवीचे मंदिर, आणि दुसरी म्हणजे अकलोली-गणेशपुरीपर्यंत पसरलेली गरम पाण्याची कुंडे. कुंडात स्नान केल्याने अंगाचे दुखणे जाते, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. गरम पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतही असतील. पण तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत उतरलेला पिवळेपणा ना कुंडाच्या पाण्याने जातो, ना गळ्यात बांधलेल्या काविळीच्या माळेने. त्याचे मूळ काही वेळा जन्माच्या कितीतरी आधी, आईच्या उदरातच रुजलेले असते.

गर्भारपणातील काही संसर्ग आईला जाणवतही नाहीत. दोन दिवसांचा बारीक ताप, अंगावर उठून गेलेले पुरळ, थोडी कणकण. क्वचित तेवढेही नाही. तोच संसर्ग वार ओलांडून पलीकडे गेला, तर बाळाचे यकृत सुजते, प्लीहा वाढते, रक्तपेशी घटतात आणि जन्मानंतर काविळीच्या रूपाने हे सारे बाहेर येते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा विषय गुंतागुंतीचा असला, तरी त्यातील बहुतेक धोके टाळण्याची साधने साधी आहेत. रक्ताची एक चाचणी, पेनिसिलिनचे इंजेक्शन, जन्मल्यापासून २४ तासांत टोचलेली लस आणि पिण्याचे स्वच्छ पाणी एवढ्यावर बरेच काही अवलंबून असते. ती वेळेवर मिळाली नाहीत, तर एखादे आयुष्य सुरू होण्याआधीच पणाला लागते. म्हणूनच गर्भातील यकृताला संसर्ग नेमका कसा गाठतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

नाळेची वाट यकृतातून

गर्भाचे श्वसन, पोषण आणि उत्सर्जन ही तिन्ही कामे वार पार पाडते. वारेमध्ये आईचे आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोहोंच्या मध्ये पेशींचा एक पातळ पडदा असतो. त्यातून प्राणवायू आणि अन्नद्रव्ये बाळाकडे जातात, तर नको असलेली द्रव्ये आईकडे परत येतात. हा पडदा बहुतेक जंतूंना अडवतो, पण सर्वांनाच नाही.

वारेतून निघालेले शुद्ध रक्त नाळेतील शिरेमधून बाळाच्या बेंबीवाटे आत शिरते. आत शिरल्यावर त्याच्या मार्गात येणारा पहिला मोठा अवयव म्हणजे यकृत. या रक्ताचा काही भाग एका आडवाटेने यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातो. गर्भारपणाच्या उत्तरार्धात हा भाग साधारण २० ते ३० टक्के असतो. उरलेले सारे रक्त यकृतातून झिरपूनच पुढे जाते.

महामार्गावरून गावात शिरणारी प्रत्येक गाडी जशी पहिल्या नाक्यावरून जाते, तसाच हा प्रकार आहे. प्रौढ माणसाच्या यकृताला आतड्यांकडून आलेल्या रक्ताचा सामना करावा लागतो. गर्भाच्या यकृताला वारेकडून आलेल्या रक्ताचा. त्यामुळे वार ओलांडून आलेला विषाणू, जिवाणू किंवा परजीवी बाळाच्या मेंदूपर्यंत अथवा डोळ्यांपर्यंत पोहोचण्याआधी बहुधा यकृताच्या दारात येतो. काही जंतू तेथून पुढे निघून जातात, काही तेथेच मुक्काम ठोकतात.

पित्ताआधी रक्त

यकृत म्हटले की आपल्यासमोर पित्त आणि पचन येते. गर्भातील यकृताचे सर्वांत मोठे काम मात्र निराळे आहे. ते काम रक्त तयार करण्याचे. गर्भारपणाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यापासून यकृतात रक्तपेशी बनू लागतात आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात यकृत हा रक्तनिर्मितीचा मुख्य कारखाना असतो. पुढे हे काम हळूहळू हाडांतील मज्जेकडे जाते. दहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या वजनाचा जवळजवळ दहावा हिस्सा एकट्या यकृताचा असतो, तो याच कारणाने.

म्हणून गर्भात यकृताला धक्का बसला की त्याचे परिणाम यकृतापुरते राहत नाहीत. तांबड्या पेशी घटून रक्तक्षय होतो आणि बिंबाणू कमी झाल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ही तूट भरून काढण्यासाठी यकृत व प्लीहा अधिक जोमाने रक्त बनवू लागतात आणि आणखी फुगतात. गंभीर संसर्गाने ग्रासलेल्या काही नवजात बालकांच्या त्वचेवर जांभळट निळ्या गाठी दिसतात. यकृत आणि मज्जेबाहेर, चक्क त्वचेत सुरू झालेल्या रक्तनिर्मितीची ती खूण असते.

बिघाड दडून का राहतो?

जन्मानंतर रक्तातील पिवळे द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, शरीराबाहेर टाकण्याची जबाबदारी यकृताची असते. गर्भात मात्र हे द्रव्य वारेवाटे आईच्या रक्तात जाते आणि आईचे यकृत त्याची विल्हेवाट लावते. अन्नाचा पुरवठाही तयार स्वरूपात होत असतो. म्हणजेच यकृताची कित्येक कामे वार आणि आईच पार पाडत असतात.

त्यामुळे यकृत अर्धेमुर्धे निकामी झाले असले, तरी गर्भाची वाढ वरकरणी सुरळीत दिसू शकते. सोनोग्राफीत कधी वाढलेले यकृत, त्यातील चुन्याचे पांढरे ठिपके किंवा पोटात साचलेले पाणी दिसते. पण अनेकदा काहीच दिसत नाही. नाळ कापली जाते आणि उसना आधार त्या क्षणी संपतो. त्यानंतरच्या दिवसांत यकृताची खरी कसोटी लागते. जन्मतः गुटगुटीत दिसणारे बाळ दोन-तीन आठवड्यांत पिवळे पडत जाते, ते यामुळेच. ‘जन्मले तेव्हा चांगले होते, नंतर काहीतरी बाधले,’ असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते. प्रत्यक्षात बाधा काही वेळा आधीचीच असते. उघड मात्र नंतर होते.

उपदंश : जुना शत्रू, स्वस्त उपाय

गर्भाच्या यकृताला हमखास गाठणाऱ्या संसर्गांत उपदंशाचा, म्हणजेच बोलीभाषेतील ‘गरमी’चा, क्रमांक फार वरचा आहे. ट्रेपोनेमा पॅलिडम हा त्याचा जिवाणू वार ओलांडतो आणि यकृतात शिरून तेथे दाह निर्माण करतो. गर्भात उपदंश पोहोचल्याच्या सर्वांत आधी दिसणाऱ्या खुणांत वाढलेले यकृत ही एक मानली जाते. दाह दीर्घकाळ राहिला तर यकृताच्या मऊ पेशींच्या जागी तंतुमय, कडक ऊती तयार होते. उपचार न झाल्यास गर्भपात, मृत जन्म किंवा जन्मानंतर लवकर मृत्यू असे परिणाम संभवतात.

या शत्रूवरचे औषध मात्र स्वस्त आणि जुने आहे. आईला वेळेवर दिलेले बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वार ओलांडून बाळावरही उपचार करते. आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेत एक मात्रा पुरते. आजार जुना असेल किंवा त्याचा काळ ठाऊक नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन मात्रा द्याव्या लागतात. हे उपचार प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू व्हायला हवेत. याच महाराष्ट्रात, पिंपरी येथे, १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. सात दशकांनंतरही एखादे बाळ जन्मजात उपदंशाने दगावत असेल, तर दोष औषधाचा नसून उशिरा झालेल्या नोंदणीचा आणि राहून गेलेल्या चाचणीचा असतो.

येथे एक बाब आवर्जून सांगायला हवी. पतीची तपासणी आणि उपचार झाले नाहीत, तर आईला पुन्हा संसर्ग होऊ शकतो. सारा दोष सुनेच्या माथी मारणाऱ्या घरांत ही दुसरी चाचणी बहुधा होत नाही आणि त्याची किंमत बाळ मोजते.

रुबेला आणि भिवंडीचा धडा

रुबेला हा लहान मुलांमधील किरकोळ वाटणारा पुरळाचा आजार. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी आईला गर्भारपणात झालेला रुबेला आणि बाळाचा जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध प्रथम दाखवून दिला. आईला झालेला क्षुल्लक आजार गर्भाला कायमचे अपंग करू शकतो, हे त्यातून जगाला कळले. पुढे असे दिसले की, डोळे, कान आणि हृदय यांच्याबरोबरच यकृतही त्याच्या माऱ्यात सापडते. जन्मजात रुबेला झालेल्या बाळांत यकृत-प्लीहेची वाढ, कावीळ आणि बिंबाणूंची घट आढळते. पहिल्या तीन महिन्यांत संसर्ग झाल्यास धोका सर्वाधिक असतो.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची विशेष मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि नऊ महिने ते १५ वर्षे वयोगटातील मुलांना ही लस देण्यात आली. नियमित लसीकरणात तिच्या दोन मात्रा असतात. पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. बातम्या गोवराच्या होत्या; परंतु गोवर आणि रुबेला यांची लस एकाच कुपीत असते. ज्या वस्तीत गोवराची लस चुकते, तेथे रुबेलाचीही चुकते. आज लस न मिळालेली चिमुरडी १५-२० वर्षांनी आई होते, तेव्हा तिच्या रक्तात संरक्षण नसते. भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांतील गोवराचा उद्रेक हा म्हणूनच पुढच्या पिढीच्या गर्भांसाठीही इशारा होता.

ही लस गर्भारपणात देता येत नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीला लस मिळाली आहे की नाही याची खात्री नसेल, तर गर्भधारणेआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घ्यावी आणि त्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी.

न ओळखला जाणारा पाहुणा

जन्मजात संसर्गांत जगभर सर्वाधिक आढळणारा विषाणू म्हणजे सायटोमेगॅलो. नाव अवघड असले तरी त्याचा वावर घराघरांत आहे. भारतातील बहुसंख्य स्त्रियांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. तो शरीरातून कधीच पूर्ण जात नाही. गर्भारपणात पुन्हा डोके वर काढू शकतो किंवा त्याचा नवा प्रकार शिरू शकतो. संसर्ग झालेल्या बहुतेक बाळांत जन्मतः लक्षणे नसतात. ज्यांच्यात असतात, त्यांच्यात वाढलेले यकृत, प्लीहा आणि कावीळ ही प्रमुख असतात.

दिलासा असा की, या विषाणूने सुजलेले यकृत बहुधा काही महिन्यांत सावरते. पण कावीळ उतरली म्हणून निर्धास्त होणे चुकीचे ठरते. हाच विषाणू श्रवणशक्तीवर घाला घालतो आणि बहिरेपण काही वर्षांनीही येऊ शकते. जन्मानंतर २१ दिवसांच्या आत बाळाच्या लघवीची अथवा लाळेची तपासणी केली, तर संसर्ग गर्भातला होता की नंतरचा हे ठरवता येते. त्यानंतर तो फरक सांगणे कठीण होते. हा विषाणू लहान मुलांच्या लाळेतून व लघवीतून पसरतो. घरात थोरले मूल असेल, तर त्याचे उष्टे न खाणे आणि दुपटे बदलल्यावर साबणाने हात धुणे, एवढी काळजी गर्भवतीने अवश्य घ्यावी.

पार्व्होव्हायरस बी-१९ या विषाणूची कथा यकृताशी वेगळ्याच रीतीने जोडलेली आहे. १९७५ मध्ये लंडनमध्ये यव्हॉन कोसार्ट यांना तो हेपॅटायटिस बी साठी रक्त तपासताना योगायोगाने सापडला. ‘बी’ संचातील १९ व्या क्रमांकाच्या नमुन्यावरून त्याला हे नाव पडले. तो तांबड्या पेशींच्या जननपेशींवरच हल्ला चढवतो आणि गर्भात त्या पेशी प्रामुख्याने यकृतात असतात. कारखानाच बंद पडल्याने गर्भाला तीव्र रक्तक्षय होतो, अंगात पाणी साचते. मोठ्या केंद्रांत अशा गर्भाला नाळेतून रक्त देऊन वाचवता येते.

कच्च्या मांसातून आणि मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, तसेच न तापवलेल्या दुधातून येणारा लिस्टेरिया हा जिवाणूही यकृताला इजा करतो. नागिणीच्या कुळातील हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू बहुधा प्रसूतीच्या वेळी बाळाला गाठतो आणि यकृत झपाट्याने निकामी करू शकतो. प्रत्येक जंतूची आवड निराळी असते. २०२४ मध्ये पुण्यात गर्भवतींमध्ये आढळलेला झिका विषाणू प्रामुख्याने गर्भाच्या मेंदूला लक्ष्य करतो.

हेपॅटायटिस बी : शर्यत २४ तासांची

हेपॅटायटिस बी हा यकृताचाच विषाणू. तरीही तो गर्भात क्वचितच शिरतो. त्याचा मुख्य प्रवेश होतो तो प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताशी आणि स्रावांशी बाळाचा संपर्क आल्याने. प्रौढ व्यक्तीला हा संसर्ग झाला तर बहुतेक वेळा शरीर त्यावर मात करते. नवजात बाळाची गोष्ट उलट आहे. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा ठाण मांडून बसतो. बाळ हसते-खेळते, शाळेत जाते, नोकरीला लागते. ऐन उमेदीच्या वयात यकृत आकसल्याचे किंवा यकृताचा कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा त्याचे मूळ पहिल्या दिवशीच्या त्या काही तासांत असते.

म्हणूनच जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हेपॅटायटिस बी लसीची पहिली मात्रा टोचणे अत्यंत महत्त्वाचे आहे. आई बाधित असल्याचे ठाऊक असेल, तर त्याच वेळी, शक्यतो १२ तासांत, तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही दिले जाते. रक्तात विषाणूंचे प्रमाण जास्त असलेल्या आईला गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर ही गोळी देता येते. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना ही लस देण्यास सुरुवात केली आणि पुढे तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटले. लसीने कर्करोग टळू शकतो, याचा तो पहिला मोठा पुरावा ठरला.

भारतात २००२-०३ मध्ये काही ठिकाणी सुरू झालेले हे लसीकरण २०११ पर्यंत देशभर पोहोचले. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व उपचार मोफत आहेत. आई बाधित असली तरी तेवढ्या कारणाने सिझेरियन करण्याची गरज नसते आणि लस दिलेल्या बाळाला स्तनपान देता येते. दूरच्या पाड्यावर घरी प्रसूती झाली, तर मात्र २४ तासांची ही संधी हुकण्याची भीती असते. रुग्णालयातील प्रसूतीचा आग्रह केवळ आईच्या जिवासाठी नसून बाळाच्या यकृतासाठीही आहे.

पाण्यातून येणारे संकट

हेपॅटायटिस ई चा इतिहास महाराष्ट्राशी जवळून निगडित आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत सांडपाणी मिसळलेल्या पाण्यामुळे काविळीची प्रचंड साथ आली. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील डॉ. खोर्शेद पावरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी संशोधकांसमवेत तपासले. ही कावीळ ‘ए’ची नव्हती आणि ‘बी’चीही नव्हती, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. तोच पुढे हेपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेला. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून या विषाणूची मोठी साथ पसरली होती. इचलकरंजी आणि भिवंडी ही दोन्ही यंत्रमागांची, दाट वस्तीची शहरे आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

इतरांसाठी बहुधा आपोआप बरी होणारी ही कावीळ गर्भवतीसाठी मात्र प्राणघातक ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, अखेरच्या तीन महिन्यांत संसर्ग झाल्यास २० ते २५ टक्के मातांचा मृत्यू ओढवू शकतो. काश्मीरमधील यकृततज्ज्ञ डॉ. महम्मद सुलतान खुरू आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून दाखवून दिले की, हा विषाणू आईकडून गर्भात पोहोचतो आणि बाळाच्या यकृतालाही तीव्र इजा करतो. भारतातील नियमित लसीकरणात यावर लस नाही. पावसाळ्यात उकळून थंड केलेले पाणी आणि उघड्यावरच्या बर्फ-सरबतापासून दूर राहणे, हाच गर्भवतीचा खरा बचाव. यात्रेच्या ठिकाणी तो अधिक काटेकोरपणे पाळायला हवा. कुंडाचे वा नदीचे पाणी तीर्थ म्हणूनही पिऊ नये.

पिवळेपणाचे दोन प्रकार

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक बाळे थोडी पिवळी दिसतात. यकृताला नवे काम अंगवळणी पडेपर्यंतची ही कावीळ असते आणि वेळेवर जन्मलेल्या बाळात ती साधारण दोन आठवड्यांत ओसरते. तीही फार वाढल्यास मेंदूला धोका संभवतो, म्हणून डॉक्टर बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. या कावीळीत शीचा रंग पिवळाच राहतो आणि लघवी जवळजवळ रंगहीन असते.

संसर्गाने यकृत सुजल्यास किंवा पित्तनलिका बंद झाल्यास होणारी कावीळ निराळी. यात पित्त आतड्यात उतरत नाही. शी पांढुरकी, मातकट किंवा खडूसारखी होते. लघवी गडद पिवळी होऊन दुपट्यावर डाग पडतो. या कावीळीवर निळ्या प्रकाशाचा उपयोग होत नाही आणि कोवळ्या उन्हाचाही नाही. ‘सकाळच्या उन्हात धरा, उतरेल’ हा शेजारणीचा सल्ला येथे घातक ठरतो, कारण त्यात अमूल्य दिवस वाया जातात.

दिवस अमूल्य का, याचे उत्तर पित्तनलिका बंद होण्याच्या आजारात मिळते. काही बाळांत यकृताबाहेरील पित्तनलिका दाह होऊन बुजतात. त्याचे नेमके कारण अद्याप निश्चित झालेले नाही. जन्माच्या आसपासचा विषाणूसंसर्ग हा संशयितांपैकी एक आहे. जपानी शल्यविशारद मोरिओ कसाई यांनी १९५० च्या दशकात शोधलेल्या शस्त्रक्रियेने यकृताला थेट आतडे जोडून पित्ताला वाट करून देता येते. ही शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. उशीर झाल्यास यकृत प्रत्यारोपणावाचून मार्ग उरत नाही. तैवानमध्ये प्रत्येक मातेला शीच्या रंगांचे चित्र असलेले कार्ड देण्याची पद्धत २००४ मध्ये देशभर सुरू झाली, ती याचसाठी.

आपल्याकडे काविळीसाठी हातावर चुना चोळून पिवळे पाणी ‘उतरवणारे’ आणि वाढत जाणारी माळ गळ्यात घालणारे वैदू अनेक भागांत आहेत. मोठ्यांची कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. तान्ह्या बाळाबाबत हा खेळ परवडणारा नाही.

‘टॉर्च’चा गोंधळ

शहरी वाचकांच्या परिचयाची एक चाचणी म्हणजे ‘टॉर्च’. टॉक्सोप्लाझ्मा, इतर संसर्ग, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव १९७१ मध्ये अमेरिकेतील डॉ. आंद्रे नाहमियास यांनी रूढ केले. प्रत्येक गर्भवतीची किंवा एकदा गर्भपात झालेल्या प्रत्येक स्त्रीची ही चाचणी करण्याची गरज नसते.

या अहवालात दोन प्रकारची प्रतिपिंडे असतात. ‘आयजीजी’ आढळणे याचा अर्थ तो आजार पूर्वी कधीतरी होऊन गेला किंवा लस मिळाली. रुबेलाच्या बाबतीत तर ती चांगलीच बातमी असते. ‘आयजीएम’ नुकत्याच झालेल्या संसर्गाकडे बोट दाखवते. पण ती महिनोन्‌महिने टिकू शकते आणि काही वेळा खोटीही येते. केवळ एका अहवालावरून गर्भ ठेवायचा की नाही, असा निर्णय घेणे अन्यायाचे ठरते. शंका असल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, प्रतिपिंडांची जुनी-नवी पारख, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास गर्भजलाची तपासणी अशा पायऱ्यांनी जावे लागते.

काय करावे, कुठे जावे?

वज्रेश्वरीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आणि ठाण्यात जिल्हा रुग्णालय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाचा लाभ शहरातील स्त्रियांनाही घेता येतो. कुटुंबाने पुढील गोष्टींची खूणगाठ बांधावी.

- पाळी चुकल्यावर लवकरात लवकर, पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवावे. उपदंश, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी या तिन्ही चाचण्या झाल्या का, हे माता व बाल संरक्षण कार्डावर पाहावे.

- चाचणी सदोष आल्यास घाबरू नये आणि ती लपवूही नये. पतीचीही तपासणी करून घ्यावी.

- ताप, पुरळ किंवा कावीळ झाल्यास ‘गर्भारपणात असे होतेच’ म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

- मांस पूर्ण शिजवून, दूध उकळून आणि भाज्या धुऊन घ्याव्यात. पाणी उकळून प्यावे.

- प्रसूती रुग्णालयातच करावी. घरी जाण्याआधी बाळाला हेपॅटायटिस बी ची लस टोचल्याची नोंद कार्डावर आहे का, हे विचारावे.

- बाळ १४ दिवसांनंतरही पिवळे असेल, शी पांढुरकी असेल किंवा लघवीने दुपटे पिवळे पडत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि बिलिरुबिनचे दोन्ही भाग वेगवेगळे तपासण्याची विनंती करावी.

बाळाच्या अंगातील दोषांवर निदान व मोफत उपचारांची सोय असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून राबविला जात आहे. आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतर घरी भेट देते, तेव्हा बाळाचे डोळे आणि दुपटे तिला दिवसाच्या उजेडात दाखवावे. घरातील मंद दिव्यात पिवळेपणा कळत नाही.

यकृत हा सहनशील अवयव आहे. त्याचा बराचसा भाग शाबूत असेल, तर ते स्वतःला पुन्हा उभे करू शकते आणि तान्ह्या वयात ही क्षमता मोठी असते. मात्र त्यासाठी संसर्ग वेळेवर ओळखला जायला हवा. देवीला ओटी भरून ‘बाळ-बाळंतीण सुखरूप राहो’ असे साकडे जरूर घालावे. पण त्याच फेरीत गावातल्या आरोग्य केंद्राची पायरीही चढावी. रक्ताच्या दोन थेंबांची ती तपासणी न जन्मलेल्या बाळासाठी आयुष्यभराचे संरक्षण ठरू शकते.